बाईंचे गाणे, लोकांची दाद

उम्मे कुलसुम यांची जाहीर मैफल ध्वनिमुद्रणावर पहिल्यांदा ऐकणारा आपल्याकडचा रसिक बहुधा श्रोत्यांवरच वैतागतो. ओळ पुरती संपत नाही तोच सभागृह ओरडून उठते. 'अल्लाह!', 'पुन्हा!', 'या सित्त!' असा गलका चालू राहतो आणि वाद्यवृंद तीच सुरावट घोळवत थांबतो. हा गलका वगळून नुसते गाणे ऐकता आले असते तर बरे, असे म्हणणारे जाणकारही आम्हाला भेटले आहेत. आमचे मत नेमके उलटे आहे. तो गलका गाण्याचाच भाग आहे.

'सित्त' म्हणजे आपण मानाने 'बाई' म्हणतो तेच. इजिप्तमधल्या एका खेड्यातल्या इमामाची ही मुलगी. मकतबात कुरआनपठण शिकली, वडिलांबरोबर मुलाच्या वेषात धार्मिक गीते गात हिंडली. शब्द स्वच्छ उच्चारण्याची शिस्त तिथली. पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारची त्यांची मैफल कैरोच्या रेडिओवरून अरब जगभर ऐकली जाई. एकेक गाणे तासभर, कधी त्याहूनही जास्त चाले, आणि ते किती चालायचे हे बरेचसे श्रोत्यांच्या हाती असे. मुशायऱ्यात 'मुकर्रर' म्हटले की शायर शेर पुन्हा वाचतो, पण शेर तोच राहतो. बाईंच्या मैफलीत पुन्हा मागितलेली ओळ पहिल्यासारखी कधीच येत नसे. कव्वालीच्या मुरलेल्या श्रोत्याला हा मामला वेगळा समजवावा लागणार नाही.

13 आणि 15 नोव्हेंबर 1967 रोजी त्या पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात गायल्या. वयाची साठी उलटलेली. जूनमधल्या युद्धात इजिप्तचा दारुण पराभव झाला होता आणि या मैफलींची कमाई त्या देशाला देणार होत्या. बाई दोन-तीनच गाणी म्हणणार हे कळल्यावर नाट्यगृहाचे चालक ब्रुनो कोकात्री गडबडले, असे सांगतात. गाणी मोजकीच झाली, पण मध्यरात्र उलटून गेली! समोर पॅरिसमध्ये मजुरी करणारे उत्तर आफ्रिकेतले लोकही होते.

त्यात 'अल-अतलाल' होते. इब्राहीम नागी यांचे काव्य, रियाद अल-सुंबाती यांचे संगीत, बाईंनी ते 1966 मध्ये पहिल्यांदा गायले. मुळात ती उद्ध्वस्त प्रेमाची कविता. त्यात प्रेमिक आपल्या बेड्या सोडायची मागणी करतो, त्या जागी श्रोते बेभान होत. पराभवानंतर तिथे लोकांना प्रेयसी ऐकू येत नव्हती, गेलेली जमीन ऐकू येत होती. हा अर्थ कवीने लिहिलेला नाही. नागी 1953 मध्येच वारले होते. तो श्रोत्यांनी घातला आणि बाईंनी ती ओळ घोळवून तो मान्य केला.

आवाजाबद्दलही बोलले पाहिजे. तरुणपणीची उंच झेप 1967 च्या गाण्यात नाही. बाई मधल्या पट्टीत राहतात, शब्दावर अधिक रेंगाळतात. चाहते हे कबूल करत नाहीत. भक्तीपुढे कान बंद होतात. पण त्यांची आरोळी कुठे येते ते नीट ऐकावे. पुष्कळदा ती सूर खाली उतरतो, शब्द जवळजवळ बोलल्यासारखा होतो, तिथे येते. म्हणजे लोक जुन्या आवाजाच्या आठवणीला नव्हे, समोरच्या गाण्याला दाद देत होते.

त्या पराभवानंतर इजिप्तमधल्या काही टीकाकारांनी या गाण्यांना अफू म्हटले. लोक रात्र रात्र झिंगत राहिले आणि देश हरला, असा आरोप. आम्हाला तो सोपा वाटतो. सेनापतींच्या चुकांचा हिशेब गायिकेकडून कसा मागायचा? शिवाय अफूने माणूस गप्प होतो. इथे तर कोणती ओळ पुन्हा हवी, कोणती नको, हे लोक क्षणाक्षणाला ठरवत होते.

मात्र दादीलाही हद्द असते, ती ऑलिंपियातच ओलांडली गेली. गाणे चालू असताना एक चाहता मंचावर चढला आणि बाईंचे पाय चुंबायला वाकला. त्या झटापटीत बाई तोल जाऊन पडल्या. साठीपुढची बाई, समोर गच्च भरलेले परक्या शहरातले सभागृह. त्या उठल्या आणि त्यांनी गाणे पुढे नेले.