दोन पिस्टनांच्या बिगुलाचे वैभव

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी ‘अमेरिकन लीजन’सारख्या आपल्या संघटनांच्या आश्रयाने गावोगावच्या तरुणांच्या हाती बिगुल आणि ढोल दिले. त्या कवायती पथकांतून अर्ध्या शतकाच्या आत सिंफनी, जाझ आणि रंगभूमीचे संगीत समर्थपणे मांडणारी एक स्वतंत्र कला उभी राहिली. ‘ड्रम कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पथकांनी १९७१ साली ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था स्थापिली, १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि तेथून पुढील वीस-बावीस वर्षांत पितळी वाद्यांच्या रचनेने जी उंची गाठली ती, वाद्ये सुधारली, वादक अधिक तयारीचे झाले, साधने वाढली तरीही, पुन्हा क्वचितच गाठली गेली आहे. हे विधान मी गतकाळाच्या ममतेपोटी करीत नाही. त्याला खुद्द रचनेच्या अंगाने आधार आहे.

१९७७ पासून पथकांच्या हाती दोन उभ्या पिस्टनांचा बिगुल आला आणि तिसऱ्या पिस्टनाची मुभा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. पहिला पिस्टन स्वर एका पूर्ण अंतराने उतरवी, दुसरा अर्ध्याने. परिणामी वाद्याच्या मूळ स्वरास षड्ज मानले तर तळच्या सप्तकात कोमल रिषभ, शुद्ध रिषभ, कोमल गांधार आणि कोमल धैवत हे चार स्वर त्यातून निघतच नसत. शुद्ध रिषभावाचून जगणे म्हणजे काय, हे आपल्याकडील गायकास वेगळे सांगावयास नको. अशा वेळी रचनाकार काय करी? सोप्रानो या उंच आवाजाच्या बिगुलाची सुरावट त्या निषिद्ध जागी उतरू लागली की तो ती एक सप्तक खालच्या बॅरिटोन बिगुलाकडे सोपवी. कारण त्यांतील बहुतेक स्वर बॅरिटोनच्या वरच्या सप्तकात विनासायास निघत. एकाच ओळीचा उत्तरार्ध निराळ्या छातीतून, निराळ्या रंगाने उमटे. नियमाच्या सक्तीतून जन्मलेली ही तडजोड उत्तम रचनाकारांच्या हाती शैली बनली, आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांत जो दाट, किंचित खरखरीत, परंतु मानवी कंठाच्या जवळ जाणारा नाद ऐकू येतो त्याचे रहस्य बऱ्याच अंशी या देवाणघेवाणीत आहे.

या रचनाकारांत जिम ऑट यांचे स्थान मला सर्वांत वरचे वाटते. कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्ड येथील ब्लू डेव्हिल्स पथकाने १९७६ साली ‘चॅनल वन स्वीट’ वाजवून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले त्यामागे त्यांची लेखणी होती. पुढे ते स्पिरिट ऑफ अटलांटाकडे गेले आणि ‘लेट इट बी मी’सारख्या साध्या प्रेमगीतास त्यांनी असा विस्तार दिला की, ऐकणाऱ्यास मूळ गाण्याचा साधेपणा आणि शेवटच्या गजराची भव्यता यांत कोठे सांधा जाणवू नये. १९८० साली मोटार अपघातात त्यांचा अकाली अंत झाला; उत्कृष्ट पितळी वादनाचे पारितोषिक आजही त्यांच्या नावाने दिले जाते. सांता क्लारा व्हॅनगार्डचे संस्थापक गेल रॉयर आणि रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटचे जिम रेन यांची प्रकृती निराळी. वाग्नर आणि खाचातुरियान यांचे संगीत सत्तर-ऐंशी पितळी वाद्यांच्या आवाक्यात आणताना रेन यांनी तंतुवाद्यांची उणीव भासू दिली नाही, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

रचनाकाराला आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे मैदान. सुमारे नव्वद मीटरच्या अंतरावरून ध्वनीला पोहोचण्यास पाव सेकंदाहून अधिक अवधी लागतो. म्हणून वादकांनी डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवून, मागील ढोलांचा ठेका आपल्यापर्यंत आला की त्यासरशी फुंकावयाचे, तेव्हा प्रेक्षकांपाशी सर्व एकत्र पोहोचे. याच मैदानावर जॉर्ज झिंगाली यांनी गारफिल्ड कॅडेट्स पथकाच्या वेगवान, वक्राकार हालचाली आखल्या आणि या पथकाने १९८३ ते १९८५ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. त्यांपैकी १९८४ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त धावत्या पावलांवर इतका निर्मळ सूर कसा टिकला, याचे आश्चर्य मला अद्याप वाटते.

जुन्या चाहत्यांत एक मत असे आहे की, कठीण आधुनिक संगीत आले आणि कला बिघडली. ते मला मुळीच मान्य नाही. १९९३ साली स्टार ऑफ इंडियाना पथकाने बार्बर आणि बार्टोक यांच्या संगीतावर जो प्रयोग केला त्यात टाळी मागणारी एकही जागा नव्हती. मिसिसिपीतील जॅक्सन येथे केवळ ०.१ गुणाने त्यांचे अजिंक्यपद हुकले. परंतु त्या रचनेत प्रत्येक सुरावटीस आरंभ, वाढ आणि शेवट होता. कर्कशतेलाही वाक्यरचना असू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

बिघाड झाला तो अन्यत्र. २००० साली कोणत्याही पट्टीच्या पितळी वाद्यास परवानगी मिळाली, २००४ साली ध्वनिवर्धक आले, २००९ साली विद्युत्‌वाद्ये. कॅरोलायना क्राउनने २०१३ साली फिलिप ग्लासच्या संगीतातील द्रुत आवर्तने ज्या स्पष्टतेने वाजविली ती जुन्या पथकांना साधली नसती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि आजच्या बहुतेक रचनांत चार मात्रांचा तुकडा, मग ढोलांचा कडकडाट, मग ध्वनिवर्धकातून येणारा खर्ज, मग पुन्हा तुकडा, असा क्रम चालतो. खांद्यावर कॉन्ट्राबास हा सर्वांत खालच्या आवाजाचा बिगुल घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या फुप्फुसांतून जो खर्ज यावयाचा तो यंत्रातून आला की सबंध इमारतीचा पाया उसना ठरतो. आणि सुरावट पूर्ण होण्यापूर्वी दृश्य बदलत असल्याने श्रोत्याच्या स्मरणात चाल राहत नाही, केवळ चमत्कृती राहते.

दोष वाद्यांचा नाही, याचा पुरावा खुद्द फँटम रेजिमेंटने दिला आहे. रेन यांच्या काळात, १९८१ व १९८२ साली, त्यांनी खाचातुरियानचा ‘स्पार्टाकस’ जुन्या बिगुलांवर वाजविला. तोच विषय २००८ साली ब्लूमिंग्टन येथे नव्या वाद्यांवर मांडला आणि ०.०२५ गुणांनी अजिंक्यपद जिंकले. त्या प्रयोगात नाट्य होते, द्वंद्व होते, वादकांच्या आरोळ्यांना प्रेक्षकांनी दिलेली साथही होती. परंतु त्यातील प्रेमप्रसंगाची चाल पितळाने सावकाश, न तोडता, पूर्ण म्हटली. आजच्या रचनाकारांपाशी तिसरा पिस्टन आहे, तळच्या सप्तकातला रिषभ आहे, दीर्घ श्वासाची मुले आहेत. त्यांच्याकडून मी मागतो ती एवढीच, सोळा मात्रांची अखंड ओळ.