कोणता परगणा चांगला, आणि कोणासाठी? : ऑस्टिन, कॉबेट व नायपॉल यांच्या लेखनातील निवासाची निवड

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये राहावयाचे झाल्यास कोणत्या परगण्यात राहावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. घराची किंमत, शाळा, दवाखाना, रेल्वेची सोय, गुन्ह्यांचे प्रमाण आणि उन्हाचे दिवस यांची गोळाबेरीज केली की उत्तर हाती येते, अशी समजूत त्यामागे असते. या समजुतीला आकडेवारीचे पाठबळही मिळालेले आहे. गृहकर्ज देणाऱ्या हॅलिफॅक्स या बँकेच्या जीवनाच्या दर्जाविषयीच्या वार्षिक पाहणीत २०११ ते २०१५ अशी सलग पाच वर्षे हॅम्पशायर परगण्यातील हार्ट हा जिल्हा ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर राहिला. रोजगार, मिळकत, आरोग्य, घरे, गुन्हेगारी व हवामान हे या पाहणीचे प्रमुख निकष होते. कर्ज देणारी संस्थाच राहण्यास उत्तम ठिकाण कोणते हे सांगते, ही बाब येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

'काउंटी' या संज्ञेसाठी मराठीत 'परगणा' हा शब्द रूढ आहे. मात्र हे एकक वाटते तितके स्थिर नाही. १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या पुनर्रचनेत रटलंड हा चिमुकला परगणा लेस्टरशायरमध्ये विलीन झाला व १९९७ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. याच पुनर्रचनेतून जन्मलेले एव्हन व हंबरसाइड हे परगणे १९९६ मध्ये नाहीसे झाले. म्हणजे रटलंडचा रहिवासी घर न बदलता दोनदा परगणा बदलून बसला. तरीही परगण्याच्या नावाभोवती एक भावविश्व उभे राहते आणि ते उभे करण्यात इंग्रजी साहित्याचा वाटा मोठा आहे.

प्रस्तुत लेखात जेन ऑस्टिन यांची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) ही कादंबरी, विल्यम कॉबेट यांचे 'रूरल राइड्स' (१८३०) हे प्रवासलेखन आणि व्ही. एस. नायपॉल यांची 'द एनिग्मा ऑफ अरायव्हल' (१९८७) ही कादंबरी यांचा या दृष्टीने विचार केला आहे. 'कोणता परगणा चांगला?' हा प्रश्न 'कोणासाठी?' या प्रश्नावाचून अपुरा आहे, आणि क्रमवारीच्या तक्त्यांतून निसटणारा हा दुसरा प्रश्न या तीन लेखकांनी तीन वेगवेगळ्या अंगांनी उपस्थित केला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

निवडीचा अधिकार कोणाला? : जेन ऑस्टिन

ऑस्टिन यांच्या चरित्रातच परगण्याच्या निवडीचा एक बोलका प्रसंग आहे. १८०० च्या अखेरीस वडिलांनी हॅम्पशायरमधील स्टीव्हन्टन सोडून बाथ येथे जाण्याचे ठरविले. १८०५ मध्ये ते वारले. त्यानंतर आई व दोन्ही मुली नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे श्रीमंत घराण्यात दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने आईपुढे दोन पर्याय ठेवले : केंट परगण्यात त्याच्या गॉडमरशॅम येथील निवासाजवळचे घर अथवा हॅम्पशायरमधील चॉटन येथील घर. त्यांनी चॉटन निवडले व १८०९ मध्ये त्या तेथे राहावयास गेल्या. दोन परगण्यांतून एकाची निवड त्यांना करता आली खरी, परंतु दोन्ही घरे भावाची होती. निवडीचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मालमत्तेच्या कुंपणात होते.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चा आरंभ याच वास्तवातून होतो. ससेक्समधील नॉरलंड ही जहागीर सावत्र मुलाकडे जाते आणि विधवा श्रीमती डॅशवुड व तिच्या तीन मुली यांच्या वाट्याला वर्षाकाठी ५०० पौंडांचे उत्पन्न उरते. सावत्र बहिणींना ३,००० पौंड देण्याचा जॉन डॅशवुडचा संकल्प पत्नीशी झालेल्या एकाच संभाषणात शून्यावर येतो. आईला नॉरलंडच्या आसपास राहावयाचे असते, पण तिला आवडणारी घरे उत्पन्नाच्या मानाने मोठी आहेत हे एलिनर ओळखते. अखेर डेव्हनशायरमधील एका नातलगाचे पत्र येते व कुटुंब एक्सेटरजवळच्या बार्टन येथे जाते. डेव्हनशायर हा उत्तम परगणा म्हणून निवडला गेलेला नाही. तेथे परवडणारे घर आणि ते देणारा आप्त आहे, एवढेच त्याचे कारण.

बार्टन येथील घराचे वर्णन ऑस्टिन यांच्या उपरोधाचा उत्तम नमुना आहे. घर म्हणून ते सोयीचे आहे, पण 'कॉटेज' म्हणून त्यात उणीव आहे. कारण छप्पर कौलारू आहे, खिडक्यांच्या झडपा हिरव्या नाहीत आणि भिंतींवर वेल चढलेले नाहीत. राहणाऱ्याची गरज आणि पाहणाऱ्याची हौस यांतील अंतर एका वाक्यात उघडे पडते. पुढे एडवर्ड फेरर्स येतो तेव्हा मेरिअॅन त्याला दरीचे सौंदर्य दाखवू पाहते; त्याला मात्र हिवाळ्यात येथे चिखल होत असेल हे दिसते. सुंदर प्रदेश म्हणजे सौंदर्य व उपयुक्तता एकत्र नांदतात तो, अशी त्याची धारणा आहे. नीटनेटकी शेतघरे आणि सुखी गावकरी त्याला भग्न मनोऱ्यांहून अधिक प्रिय आहेत. जीवनाच्या दर्जाची ही समंजस व्याख्या म्हणावी लागेल. तथापि, ते गावकरी खरोखर सुखी आहेत काय, याची चौकशी ही कादंबरी करीत नाही. ती कॉबेट यांनी केली.

श्रमणाऱ्याचे ताट : विल्यम कॉबेट

सरे परगण्यातील फार्नम येथे १७६३ मध्ये जन्मलेले कॉबेट १८२० च्या दशकात घोड्यावरून दक्षिण इंग्लंड फिरले व आपली निरीक्षणे स्वतःच्या 'पोलिटिकल रजिस्टर' या साप्ताहिकातून प्रसिद्ध करीत राहिले. परगण्यांची तुलना हा त्यांच्या लेखनाचा स्थायीभाव आहे. परंतु त्यांची फूटपट्टी वेगळी आहे. माती, पीक व झाडी यांची नोंद केल्यावर ते शेतमजुराचे कपडे, त्याच्या झोपडीपुढची बाग आणि त्याच्या घरी डुक्कर पाळलेले आहे की नाही हे पाहतात.

या पाहणीतून त्यांच्या हाती एक विसंगती लागते. १८२३ मध्ये केंटमधील थॅनेट या अत्यंत सुपीक भागातून जाताना त्यांना मजूर सर्वांत दरिद्री दिसले. जेथे जमीन कसदार आणि सगळी धान्याखाली आहे, तेथे मजुराला सरपण नाही, गाय चारण्यास गायरान नाही. उलट रानझाडीच्या, हलक्या जमिनीच्या मुलखात त्याचे बरे चाललेले असते. प्रदेशाची समृद्धी आणि तेथील माणसाची समृद्धी या भिन्न गोष्टी आहेत, हा निष्कर्ष सरासरीवर विसंबणाऱ्या प्रत्येक तक्त्याला आजही लागू पडतो.

१८२६ मध्ये कॉबेट विल्टशायरमधील एव्हन नदीच्या खोऱ्यातून सॉल्सबरीकडे गेले. खोऱ्याच्या देखणेपणाने ते हरखून जातात. पण लगेच मिल्टन या गावात पिकणाऱ्या धान्याचा व मांसाचा हिशेब मांडतात. गावाला पुरून उरेल त्याच्या कितीतरी पट पिकते, आणि पिकविणारा मात्र अर्धपोटी राहतो. 'रूरल राइड्स' ग्रंथरूपाने निघाले त्याच १८३० साली केंटमधून 'स्विंग' दंगे उसळले आणि विल्टशायर व हॅम्पशायर हे त्यांनी सर्वाधिक होरपळलेल्या परगण्यांत होते.

कॉबेट यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. ज्यू व क्वेकर यांच्याविषयीचे त्यांचे पूर्वग्रह आक्षेपार्ह आहेत. मोठी चर्च पाहून पूर्वी येथे अधिक लोकवस्ती असली पाहिजे असे अनुमान ते काढतात, तेही टिकणारे नाही. असे असले, तरी परगण्याचे मूल्यमापन तळाच्या माणसापासून करण्याची त्यांची पद्धत अबाधित राहते.

नवागताची बाग : व्ही. एस. नायपॉल

कॉबेट ज्या एव्हनच्या खोऱ्यातून गेले, त्याच खोऱ्यात सुमारे दीड शतकानंतर नायपॉल यांचा निवेदक येऊन राहतो. भारतातून करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला गेलेल्यांचा हा वंशज एका जमीनदाराच्या वाड्याच्या आवारातील कॉटेजमध्ये भाडेकरू आहे. पहिले काही दिवस पावसामुळे आपण कोठे आलो आहोत हेच त्याला दिसत नाही. तो इंग्लंड पुस्तकांतून शिकलेला आहे, त्यामुळे समोरचे दृश्यही तो आधी वाचतो व मग पाहतो.

जॅक नावाचा शेतावरचा कामगार आणि त्याची बाग त्याला प्राचीन, मातीत रुजलेल्या इंग्लंडचे प्रतीक वाटते. हळूहळू त्याच्या ध्यानात येते की जॅक हा भूतकाळाचा अवशेष नव्हे. त्याने मोडकळीच्या मध्यभागी ऋतूंच्या क्रमाने स्वतःचे जीवन रचले आहे. जॅकच्या मृत्यूनंतर ती बाग टिकत नाही. जीवनाचा दर्जा हा परगण्यात तयार सापडत नाही, तो रोजच्या श्रमाने घडवावा लागतो आणि श्रम थांबले की विरतो, असे या भागाचे सूचन आहे.

दुसरा महत्त्वाचा धागा पिटन या माळ्याचा. वाड्याचा खर्च कमी करताना त्याची नोकरी जाते आणि नोकरीबरोबर घरही. निवेदकाला ज्या आवारात पुनर्जन्म लाभल्यासारखे वाटते, तेथूनच पिटनला बाहेर पडावे लागते. एकाच ठिकाणाचा दर्जा दोघांसाठी एक नाही. ज्या साम्राज्याने जमीनदाराला वैभव दिले, त्यानेच आपल्या पूर्वजांना समुद्रापार नेले, याची जाणीवही निवेदक बाळगतो. मात्र कॉबेट जेथे मजुरी व भाकरीचा हिशेब मागतात, तेथे नायपॉल क्षय व परिवर्तन यांच्या चिंतनात शिरतात. पिटनचे दुःख त्यामुळे हृद्य होते, पण त्याला जबाबदार कोण हा प्रश्न धूसर राहतो. ही या श्रेष्ठ कादंबरीची मर्यादा होय.

आजचा संदर्भ

कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन, नव्याने बांधलेली घरे सुटीपुरती येणाऱ्यांना दुसरे घर म्हणून विकू नयेत, असा नियम स्वीकारला. मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी त्यास पाठिंबा दिला. ठिकाण 'राहण्यास उत्तम' ठरले की तेथे राबणाऱ्यालाच राहणे परवडेनासे होते, हा कॉबेट यांचा विरोधाभास येथे नव्या रूपात दिसतो.

महाराष्ट्रातून इंग्लंडला जाणारे डॉक्टर, परिचारिका व संगणक अभियंते यांच्यासाठीही परगण्याची निवड बहुधा नेमणुकीचे पत्रच करते. २०२० च्या अखेरीपासून लागू असलेला कुशल कामगारांचा व्हिसा नियोक्त्याच्या पुरस्कृतीशी जोडलेला आहे. नोकरी सुटली तर वास्तव्याचा आधारच डळमळतो. पिटनची कथा त्यांना परकी वाटू नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परगणा निवडण्याचे स्वातंत्र्य मालमत्ता, नातेसंबंध व नोकरी यांनी आधीच आखून दिलेले असते. दुसरी, प्रदेशाची सरासरी समृद्धी ही तेथील श्रमिकाच्या समृद्धीची हमी नव्हे. तिसरी, जीवनाचा दर्जा ही स्थळाची उपजत संपत्ती नसून माणसांच्या सततच्या श्रमाची निर्मिती आहे.

आपल्या महाविद्यालयांतील इंग्रजीच्या वर्गांत इंग्लिश ग्रामीण परिसर बहुधा निसर्गवर्णन म्हणून शिकविला जातो. त्यामागची मालकी, मजुरी व भाडे यांचा उल्लेख क्वचितच होतो. ऑस्टिन यांची कादंबरी कॉबेट यांच्या प्रवासलेखनाशेजारी ठेवून शिकविली, तर विद्यार्थ्यांना बार्टनच्या दरीतील चिखलही दिसेल आणि त्या चिखलातून कामाला जाणारा माणूसही. पुढे त्यांच्यापैकी कोणी त्या देशात राहावयास गेला, तर क्रमवारीचा तक्ता वाचताना 'कोणासाठी?' हे विचारण्याची सवय त्याच्या उपयोगी पडेल.