नाईलकाठची राजकन्या आणि मळवलीची लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाला आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कमळावर उभी असलेली, साडीतली लक्ष्मी पाटावर येते. क्षीरसागरातून निघालेल्या देवीला साडी कोठून मिळाली, असे कोणी विचारीत नाही. राजा रविवर्म्यांनी ती नेसवली. १८९४ साली मुंबईत निघालेला त्यांचा छापखाना पुढे आमच्या मावळात मळवलीला आला आणि तेथून ही चित्रे गावोगाव गेली. १९७२ साली छापखाना आगीत सापडला. चित्रे मात्र देवघरांतून टिकून आहेत.

हे सांगण्याचे कारण, रोकोको शैलीवर आक्षेप येतो तो असल्याच वेषांतराचा. व्हेनिसचा चित्रकार ज्योव्हान्नी बात्तिस्ता त्येपोलो (१६९६–१७७०) याचे ‘मोशेचा शोध’ हे भव्य तैलचित्र एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीत आहे. आपल्यासारख्यांना ते छापील प्रतिकृतीतच पाहावयाचे. कथा बायबलातली. इस्राएली लोकांचे मुलगे नदीत टाकावेत, ही फारोची आज्ञा. एक आई आपले बाळ डांबर लावलेल्या लव्हाळ्याच्या पेटीत घालून नाईलकाठी ठेवते आणि ते सापडते फारोच्याच मुलीला. आपल्याला कर्ण आठवणारच! पण त्येपोलोची राजकन्या इजिप्तची नव्हेच. भरजरी रेशमी पोशाखातली ती व्हेनिसची गोरीपान श्रीमंत बाई आहे.

वेषाबद्दल मी त्येपोलोला दोष देणार नाही. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा स्वधर्मीयांनीच नाके मुरडली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले काम चालू ठेवले. व्हेनिसचा झगा चालतो आणि साडी खटकते, हा न्याय कुठला? देव आपल्या अंगणात आणावयाचा तर त्याला आपलेच वस्त्र द्यावे लागते.

खरा प्रश्न निराळा आहे. त्या वस्त्राखाली कथेचे काळीज धडधडते का? येथे त्येपोलो कमी पडतो. मंडळी वनभोजनास निघाल्यासारखी दिसतात. फारोच्या आज्ञेची भीती कोठेच नाही. उजवीकडे दूर एक भालाईत होता. राजसत्तेची आठवण देणारी ती आकृती. पण चित्राची ती बाजू पुढे कापली गेली आणि आज ती तुरिनमध्ये आहे! मूळ कथेत बाळाची बहीण धीटपणे पुढे होऊन दाई आणते, ती बाळाची सख्खी आईच. पोटच्या पोराला मोल घेऊन पाजणाऱ्या त्या माउलीला या रेशमात जागा नाही.

तरीही चित्र वाचते ते एका जीवामुळे. दासीच्या हातांत वेडेवाकडे धरलेले ते उघडे बाळ टाहो फोडीत आहे. एवढ्या नटलेल्या मंडळींत संकट काय आहे, हे त्या एकट्यालाच कळले आहे. रसिकांनी रेशीम जरूर पाहावे, पण कान त्या रडण्याकडे ठेवावा.