खरा डीप पर्पल कोणता? चाहत्याच्या वादातून संशोधनाचा प्रश्न

संशोधनाचा विषय आपल्या आवडीचा असला की एक घोळ हमखास होतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि प्रश्न मागाहून शोधला जातो. हा घोळ कसा सोडवायचा, ते आज माझ्या आवडत्या बँडवर करून बघू. गेली अनेक वर्षं मी डीप पर्पल ऐकतोय, त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही.

हा बँड १९६८ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तेव्हापासून इतकी माणसं आली-गेली की चाहत्यांनी प्रत्येक संचाला क्रमांकच देऊन टाकले : मार्क एक, मार्क दोन, मार्क तीन. ('संच' हा शब्द मी मराठी नाटकातून उचललाय. 'नव्या संचात' अशी जाहिरात तुम्ही वाचलीच असेल.) मार्क दोन म्हणजे रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, इयन गिलन गायक, रॉजर ग्लोव्हर बेसवर आणि इयन पेस ड्रमवर. १९७२ चा 'मशीन हेड' यांचाच. जुन्या चाहत्यांचं ठाम मत असं की खरा डीप पर्पल हाच, पुढचे सगळे नुसतं नाव चालवतायत.

आधी शब्द तपासा

'खरा' म्हणजे काय? मूळ संच असं म्हणायचं असेल, तर मार्क दोन मूळ नाहीच. गिलन आणि ग्लोव्हर १९६९ मध्ये आले. त्याआधी रॉड इव्हान्स गात होता आणि बँडचे तीन अल्बम होऊन गेले होते.

बरं, मग निदान एक संस्थापक तरी हवा, असं म्हणू. १९८० मध्ये याच इव्हान्सनं बाकी सगळी नवी माणसं घेऊन अमेरिकेत डीप पर्पल या नावानं कार्यक्रम केले. प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई त्याच्यावर बसली. संस्थापक होता, तरी बँड खोटा ठरला. आणि आजच्या बँडमध्ये संस्थापक किती? एकच, पेस. तरी त्याला कुणी खोटा म्हणत नाही. म्हणजे हा निकषही गळाला.

आपण अजून एकही गाणं ऐकलेलं नाही, हे लक्षात घ्या. नुसती व्याख्या तपासली आणि निम्मा वाद संपला. प्रबंधातही असंच होतं.

माणसं तीच, मग बँड तोच?

हे तपासायची संधी बँडनं स्वतःच दिलीय. १९७६ ला फुटलेला बँड १९८४ मध्ये पुन्हा जमला, तोही थेट मार्क दोन. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' चांगला झाला. १९८७ चा 'द हाउस ऑफ ब्लू लाइट' मात्र मला ओढूनताणून केलेला वाटतो. पाचही जण तेच, तरी १९७२ परत आलं नाही.

आता उलटी बाजू बघा. १९९० च्या 'स्लेव्हज अँड मास्टर्स'मध्ये फक्त गायक बदलला, गिलनच्या जागी जो लिन टर्नर. पाचातले चार तेच. तरी तो अल्बम ब्लॅकमोरच्या दुसऱ्या बँडसारखा, रेनबोसारखा वाजतो. टर्नर तिथूनच आलेला होता. याउलट १९९६ च्या 'परपेंडिक्युलर'मध्ये खुद्द ब्लॅकमोर नाही, स्टीव्ह मोर्स हा अमेरिकन गिटारवादक आहे, आणि तरी पहिल्या काही मिनिटांत बँड ओळखू येतो. मुंबईकरांनी तर हा नवा संच अल्बम येण्याआधीच, १९९५ च्या कार्यक्रमात ऐकला होता.

म्हणजे किती माणसं बदलली हे मोजून हाती काही लागत नाही.

माझं म्हणणं

माझ्या मते डीप पर्पलची ओळख ऑर्गन आणि गिटारच्या बरोबरीच्या नात्यात आहे. लॉर्डनं आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवला, त्यामुळे तो मागे साथ करत बसत नाही, गिटारला तोंडावर उत्तर देतो. 'स्लेव्हज अँड मास्टर्स'मध्ये हे उत्तर देणं मंदावतं, 'परपेंडिक्युलर'मध्ये परत येतं. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला, तेव्हा माणूस बदलला पण ती जागा रिकामी राहिली नाही.

यावर तुम्ही 'कम टेस्ट द बँड' (१९७५) पुढे कराल. टॉमी बोलिनच्या गिटारचा हा अल्बम मला फार आवडतो. पण 'अल्बम चांगला आहे का' आणि 'तो डीप पर्पलसारखा वाजतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला माझं उत्तर हो, दुसऱ्याला नाही. चाहते हे दोन्ही एकत्र कालवतात. आपण कालवायचं नाही.

माझ्या मांडणीत एक कच्चा दुवा आहेच. १९७२ ते १९९६ मध्ये माणसांबरोबर वय, ध्वनिमुद्रणाचं तंत्र, लोकांची आवड असं सगळंच बदललं. मग फरक कशामुळे पडला, कसं सांगणार? त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे तेच गाणं, वेगळा संच. 'स्मोक ऑन द वॉटर' 'मेड इन जपान'मध्ये (१९७२) ऐका, मग १९७४ चं कॅलिफोर्निया जॅममधलं ऐका. मध्ये दोनच वर्षं, गायक आणि बेसवादक नवे, बाकी तिघं तेच. डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज दोघं गातात तेव्हा गाण्याचा तोल कुठे सरकतो, ते कानानं टिपा.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

कारण व्याख्येवर माणसाची किंमत ठरते. २०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा आठ नावं होती. त्यात जेमतेम दीड वर्ष राहिलेला इव्हान्स होता. तेव्हा बावीस वर्षं वाजवत असलेला मोर्स नव्हता. पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये त्यानं बँड सोडला, तोवर ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून होतात त्याहून जास्त वर्षं त्याची झाली होती. 'खरा संच' हा शब्द आपण सहज वापरतो आणि एका माणसाचं अर्ध्या आयुष्याचं काम हिशोबातून निसटतं. तुमच्या विषयातही 'मूळ', 'अस्सल', 'शुद्ध' असे शब्द येतील, तेव्हा त्यांनी कोण बाहेर राहिलं ते आधी शोधा.

मोर्सच्या जागी आता सायमन मॅकब्राइड आहे. या संचाचा २०२४ चा अल्बम ऐका आणि माझा निकष लावून बघा. ऑर्गन उत्तर देत नसेल आणि तरी तुम्हाला बँड ओळखू आला, तर माझं म्हणणं तिथेच पडलं. तसं झालं तर कमेंटमध्ये गाण्याचं नाव आणि मिनिट लिहा.