समतोल, साधन आणि साक्ष : राजकीय लेखनातील एक पेच

राजकीय प्रश्नांवरील लेखन समतोल असावे, याविषयी सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो समतोल म्हणजे काय, या प्रश्नापाशी. दोन्ही पक्षांना सारखी जागा देणे हा त्याचा सर्वांत सोपा, आणि म्हणूनच फसवा, अर्थ होय. य. दि. फडके यांच्या ‘शोध सावरकरांचा’ (१९८४) या ग्रंथामागील समतोलाची कल्पना वेगळी आहे : निष्कर्ष साधनांच्या वजनानुसार झुकावा, लेखकाच्या आवडीनुसार नव्हे.

मात्र या साधननिष्ठेत एक गृहीतक दडलेले असते. वादातील दोन्ही बाजूंपाशी लेखी पुरावा आहे, असे ती मानून चालते. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यापाशी येताच हे गृहीतक डळमळते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी खास तरतूद केली; परंतु कोळीवाडा कोणता, हे १९८१ च्या विकास आराखड्यावरून अथवा राज्य शासनाच्या नोंदींवरून ठरावयाचे होते. म्हणजे वस्तीचे अस्तित्वही दप्तराच्या साक्षीवर अवलंबून राहिले. जाळी लावण्याच्या जागा, होड्यांच्या वाटा, भरती-ओहोटीचे ज्ञान ही सारी मौखिक परंपरेची मिरास. तिचा संदर्भ तळटीपेत कसा द्यावयाचा?

वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूसारख्या प्रश्नावरील लेखनात हा असमतोल क्रियापदांतून प्रकट होतो. प्राधिकरण ‘स्पष्ट करते’, तज्ज्ञ ‘निदर्शनास आणतात’. कोळी मात्र ‘दावा करतात’ किंवा ‘आरोप करतात’. ‘मच्छीमारांना विश्वासात घेण्यात आले’ या कर्मणी वाक्यात विश्वासात कोणी घेतले, कोणाला घेतले आणि केव्हा, हे तिन्ही प्रश्न विरून जातात. जागा सारखी मिळते. विश्वासार्हता मात्र सारखी मिळत नाही.

वरळीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या जाण्यासाठी खांबांमधील ६० मीटर अंतर पुरेसे असल्याची अधिकृत भूमिका होती. मच्छीमारांनी ती नाकारली. २०२२ च्या अखेरीस शासनाने १२० मीटर अंतर मान्य केले. एवढ्यावरून मच्छीमारांचे प्रत्येक म्हणणे सिद्ध झाले, असे मानणे चूक ठरेल. शासनाची मान्यता हा राजकीय निर्णय असतो, तो पुरावा नव्हे. परंतु छापील आकडा हा वादाचा शेवट नसून वादाचाच एक पक्ष असतो, एवढे यातून निश्चित होते.

तेव्हा मौखिक साक्षीला सहानुभूतीची सवलत देणे हा यावरील उपाय नव्हे. तसे करणे म्हणजे तिला पुराव्याच्या पंक्तीतून उठवून करुणेच्या पंक्तीत बसविणे होय. साक्ष देणारा कोण, त्याने स्वतः काय पाहिले, त्याचा हितसंबंध कोणता आणि इतरांच्या सांगण्याशी ते जुळते काय, हे प्रश्न कोळ्याला विचारले पाहिजेत. आणि अहवालालाही तितक्याच काटेकोरपणे विचारले पाहिजेत. समतोल परिच्छेदांच्या लांबीत नसतो. तो या तपासणीच्या समानतेत असतो.