ऑनलाइन ज्ञानकोशांची विश्वसनीयता

आंतरजालावरील ज्ञानकोशांतील माहिती संशोधनात कितपत आधारभूत मानावी, हा कोशविचारातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. जिमी वेल्स व लॅरी सँगर ह्यांनी १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेल्या विकिपीडियामुळे त्याला विशेष महत्त्व आले. मुद्रित कोशात नोंद तज्ञाकडून लिहून घेतात, संपादक ती तपासतो आणि मगच ती प्रसिद्ध होते. विकिपीडियात हा क्रम उलटा आहे : बहुतेक नोंदी कोणालाही बदलता येतात व तपासणी प्रायः नंतर होते.

‘नेचर’ ह्या ब्रिटिश विज्ञानसाप्ताहिकाने डिसेंबर २००५ मध्ये ४२ विषयांवरील नोंदी तज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात दर नोंदीस सरासरीने सु. ४, तर ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त सु. ३ चुका आढळल्या. ब्रिटानिकाने २००६ मध्ये ह्या पाहणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले; नेचरने ते अमान्य केले. तथापि चुकांची संख्या हा विश्वसनीयतेचा एकमेव निकष नव्हे. चूक कशी पसरते, हेही पाहावे लागते. २००८ मध्ये कोआटी ह्या अमेरिका खंडांतील सस्तन प्राण्याच्या नोंदीत एका विद्यार्थ्याने थट्टेने ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ हे नाव घातले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि पुढे त्यांतीलच मजकूर मूळ नोंदीस आधार म्हणून जोडला गेला. येथे दोष एकट्या कोशाचा नाही. पडताळा न घेता मजकूर उतरवून घेणाऱ्यांनीच चुकीला प्रमाणाचे रूप दिले.

अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने २००७ मध्ये विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा आधार देण्यास मनाई केली. वाचण्यास मात्र केली नाही. हा भेद मार्मिक आहे. विकिपीडियाच्या धोरणानुसारही तेथे अप्रकाशित मूळ संशोधनास स्थान नाही व तो स्वतःस विश्वसनीय साधन मानीत नाही.

मुद्रित कोशातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. ऑनलाइन कोशातील चूक तत्काळ सुधारता येते आणि विकिपीडियात प्रत्येक बदलाचा इतिहासही पाहता येतो. हा त्याचा मोठा गुण होय. परंतु ज्या सुलभतेने चूक दुरुस्त होते, त्याच सुलभतेने ती शिरते. म्हणून नोंदीखालील संदर्भांचा माग घेत मूळ ग्रंथ वा कागदपत्रांपर्यंत जाणे, हाच अशा कोशाचा संशोधनातील योग्य उपयोग होय. कोणताही ज्ञानकोश, मुद्रित असो वा ऑनलाइन, अभ्यासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.