'आंग्स्टलुस्ट' : एका समासाचा विग्रह

संमिश्र भावनांसाठी जर्मन भाषेत नेमका सामासिक शब्द आधीपासूनच सिद्ध असतो, असा एक समज समीक्षेत रूढ आहे. 'आंग्स्टलुस्ट' या शब्दाची हकीकत पाहता तो जपून वापरावा लागेल. 'आंग्स्ट' म्हणजे भय, 'लुस्ट' म्हणजे सुख. मनोविश्लेषणाच्या परिभाषेत या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती एका अनुवादामुळे. बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि १९३९ मध्ये इंग्लंडला गेलेले मायकेल बालिंट यांनी 'थ्रिल्स अँड रिग्रेशन्स' हा ग्रंथ १९५९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी निघालेल्या जर्मन आवृत्तीच्या शीर्षकात 'थ्रिल'च्या जागी 'आंग्स्टलुस्ट' आले. खास जर्मन म्हणून जिचे कौतुक होते, ती संज्ञा अशी इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून शास्त्रात स्थिरावली.

हा पर्याय निरुपद्रवी नाही. 'थ्रिल'चे मूळ 'भेदणे, छिद्र पाडणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदात आहे. समासाने हे शारीर अंग टाकले. त्याहून मोठी हानी वेगळीच आहे. जत्रेतल्या पाळण्यांपासून विवेचन सुरू करणारे बालिंट तीन गोष्टी आवश्यक मानतात : बाह्य धोक्याचे जाणवणारे भय, त्याला स्वेच्छेने सामोरे जाणे, आणि धोका टळून आपण सुखरूप परतू ही विश्वासयुक्त आशा. दोन पदांच्या समासात आशेला जागा उरली नाही. वास्तविक तिच्यावाचून उरते ते केवळ भय.

शिवाय विग्रह कसा करायचा? 'भय आणि सुख' असा द्वंद्व, की 'भयातील सुख' असा तत्पुरुष? (जर्मन व्याकरणात रुळलेली 'द्वंद्व' ही संज्ञा मुळात संस्कृत व्याकरणाचीच.) जर्मन समासाचे लिंग अंत्यपदावरून ठरते, पण येथे दोन्ही पदे स्त्रीलिंगी असल्याने तीही खूण हाती लागत नाही. रिचर्ड आलेविन यांच्या निबंधाचे शीर्षकच 'भयातील सुख' असे आहे. प्रबोधनकाळात निसर्गाचे व अंधाराचे भय ओसरले, म्हणून ते साहित्यात उपभोग्य झाले, ही त्यांची मांडणी तत्पुरुषाशी सुसंगतच आहे. परंतु बालिंट यांच्या मिश्रणात भय हा सुखाचा विषय नसून त्याचा सहघटक आहे.

भयकथेच्या समीक्षेत हा भेद निर्णायक ठरतो. तत्पुरुष मानला तर वाचक सुरक्षित अंतरावरून भय चाखणारा रसिक होतो. द्वंद्व मानला तर त्याचे भिणे खरे असते. मराठीत 'भयानंद' असा प्रतिशब्द घडवू पाहणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन टाकलेले असते. मला 'भय-सुख' हे ओबडधोबड जोडपदच अधिक प्रामाणिक वाटते, जरी आशा त्यातही नाही.